संदेशापासून जनुकापर्यंत आणि परत: प्रतिलेखन घटकांचा माग कसा काढावा

पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला बाहेरून आलेला एखादा रेणू चिकटतो आणि अर्ध्या तासाच्या आत त्याच पेशीच्या केंद्रकातील काही निवडक जनुकांचे वाचन वेगाने सुरू झालेले दिसते. मानवी पेशीत प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. त्यांतील कोणती आत्ता वाचायची, किती वेळ वाचायची आणि कधी थांबायचे, हे ठरवण्यात ज्या प्रथिनांचा वाटा सर्वांत मोठा असतो, त्यांना प्रतिलेखन घटक किंवा प्रचलित शब्दांत ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर असे म्हणतात (प्रतिलेखन म्हणजे जनुक वाचून त्याची आरएनए प्रत काढणे). मानवात अशी सुमारे १,६०० प्रथिने असल्याचे मानले जाते.

अभ्यासक्रमात संदेशवहन आणि जनुकनियंत्रण हे बहुधा दोन वेगळे धडे असतात. पहिला धडा ग्राहीपासून निघून केंद्रकाच्या दाराशी संपतो आणि दुसरा डीएनएवर बसलेल्या घटकापासून सुरू होतो. माझ्या मते नवख्या अभ्यासकाचा गोंधळ या विभागणीतूनच निर्माण होतो. प्रतिलेखन घटक ज्या जनुकांना जागे करतो, त्यांत त्याला जागे करणाऱ्या संदेशमार्गाचेच सुटे भाग घडवणारी जनुके असतात: संदेशाचे रेणू, ग्राही आणि विशेषतः मार्गाला लगाम घालणारी प्रथिने. त्यामुळे बाण एकाच दिशेने काढलेली आकृती अपुरी असते आणि तिच्यावरून केलेला अंदाजही बऱ्याचदा चुकतो. पेशीविज्ञानाची प्राथमिक ओळख असलेल्या आणि आता शोधनिबंध वाचू लागलेल्या किंवा प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या वाचकाने ही संपूर्ण फेरी कशी तपासावी, हे पुढे पायरीपायरीने मांडले आहे.

सर्व पायऱ्यांत शक्यतो एकच जोडी हाताशी ठेवू: एनएफ-कॅपा-बी हा घटक आणि आय-कॅपा-बी-आल्फा हे त्याला अडवून धरणारे प्रथिन. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये हा घटक बी-पेशींमध्ये शोधला. प्रतिपिंडाच्या कॅपा साखळीचे जनुक ज्या डीएनए तुकड्यामुळे जोमाने वाचले जाते, त्या तुकड्यावर तो बसतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले. प्रारंभी तो बी-पेशींचाच असावा असे वाटले होते. लवकरच तो जवळजवळ सर्व प्रकारच्या पेशींत आढळला, मात्र तेथे तो केंद्रकाबाहेर निष्क्रिय अवस्थेत अडकून पडलेला होता. घटक पेशीत आहे की नाही यापेक्षा तो कोणत्या अवस्थेत आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, हे या शोधाच्या इतिहासातूनच दिसते.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा

“एनएफ-कॅपा-बी संदेशवहनाची जनुके नियंत्रित करतो” हे वाक्य खरे आहे, पण ते तपासता येत नाही. तपासता येण्याजोग्या वाक्यात घटक, जनुक, पेशीचा प्रकार, बाहेरून दिलेला संदेश आणि कालावधी या पाचही गोष्टी असाव्या लागतात. उदाहरणार्थ: “फायब्रोब्लास्ट पेशींना टीएनएफ हा दाह चेतवणारा संदेशरेणू दिल्यानंतरच्या पहिल्या तासात एनएफ-कॅपा-बी हा आय-कॅपा-बी-आल्फाच्या जनुकाचे प्रतिलेखन थेट वाढवतो.” या वाक्यातील “थेट” हा शब्द सर्वांत महाग आहे, तो सिद्ध करण्यासाठी पुढच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या लागतात. पेशीचा प्रकार लिहिणेही टाळू नये, कारण एकच घटक यकृताच्या पेशीत आणि रक्तातील पांढऱ्या पेशीत डीएनएवरील वेगवेगळ्या ठिकाणी बसतो.

याच वेळी आपण निवडलेल्या जनुकाचे मार्गातील स्थान नोंदवावे. ते जनुक शेजारच्या पेशींकडे जाणारा संदेशरेणू घडवत असेल, तर त्याच्या वाचनाचा परिणाम पेशीबाहेर शोधावा लागेल. ते ग्राही घडवत असेल, तर पेशीची संवेदनक्षमता बदलेल. ते रोधक प्रथिन घडवत असेल, तर संदेश काही वेळाने स्वतःच मंदावेल. ही नोंद सातव्या पायरीवर उपयोगी पडते.

पायरी २: घटकाची रचना समजून घ्यावी

बहुतेक प्रतिलेखन घटकांत दोन स्वतंत्र कामांचे दोन भाग असतात: एक डीएनएचा विशिष्ट क्रम ओळखून त्यावर बसतो आणि दुसरा वाचनयंत्रणेला बोलावतो. हे भाग खरोखरच सुटे आहेत, हे रॉजर ब्रेंट आणि मार्क टाश्ने यांनी १९८५ मध्ये दाखवले. त्यांनी जिवाणूतील लेक्स-ए या प्रथिनाचा डीएनए ओळखणारा भाग किण्वातील (यीस्टमधील) गॅल-४ या घटकाला जोडला, आणि या संकरित प्रथिनाने लेक्स-एची जागा असलेले जनुक किण्वपेशीत चालू केले. आज वापरात असलेल्या कितीतरी प्रयोगपद्धती याच निरीक्षणावर उभ्या आहेत.

डीएनए ओळखणाऱ्या भागाच्या घडणीवरून घटकांची कुळे पडतात. झिंक फिंगर, होमिओडोमेन आणि ल्युसिन झिपर ही त्यांतील ठळक नावे आहेत. नवख्याने सगळी कुळे पाठ करण्याची गरज नाही. मात्र आपला घटक एकट्याने बसतो की जोडीने, आणि जोडीदार बदलल्यास काय होते, हे शोधून ठेवावे. एनएफ-कॅपा-बी हे खरे तर पाच प्रथिनांच्या कुटुंबातून बनणाऱ्या जोड्यांचे सामायिक नाव आहे. त्यांतील पी६५ला वाचनयंत्रणा बोलावणारा भाग आहे, पी५०ला तो नाही. त्यामुळे पी५० आणि पी६५ यांची जोडी जनुक चालू करते, तर पी५०च्या दोन प्रतींची जोडी त्याच जागेवर बसून बहुधा वाचन रोखते. “एनएफ-कॅपा-बी बसलेला आढळला” असे एखाद्या निबंधात वाचले की कोणत्या उपघटकाविरुद्धचे प्रतिपिंड वापरले होते, हे पाहण्याची सवय याचसाठी लावून घ्यावी.

पायरी ३: संदेश घटकापर्यंत कसा पोहोचतो ते पाहावे

प्रत्येक मार्गात घटक चालू करणारी कळ वेगळी असते आणि कळीच्या प्रकारावर मोजमापाची पद्धत अवलंबून असते. ही बाब पाठ्यपुस्तकांत फार त्रोटक येते, म्हणून येथे थोडे थांबू.

एनएफ-कॅपा-बीची कळ म्हणजे बंधनातून सुटका. विश्रांत पेशीत आय-कॅपा-बी-आल्फा त्याला पेशीद्रवात धरून ठेवते. टीएनएफ ग्राहीला चिकटल्यावर आयकेके हे विकर-संकुल क्रियाशील होते आणि ते आय-कॅपा-बी-आल्फाच्या ३२ व्या आणि ३६ व्या स्थानांवरील सेरिनला फॉस्फेट जोडते. अशी खूण झालेल्या प्रथिनाला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी लागते, प्रोटिओसोम हे प्रथिने तोडणारे संकुल त्याचे तुकडे करते आणि सुटलेला घटक केंद्रकात शिरतो. या सगळ्याला काही मिनिटे पुरतात, कारण येथे नवे प्रथिन घडवावे लागत नाही.

क्रेब या घटकाची गोष्ट वेगळी आहे. तो बराचसा आधीपासून केंद्रकातच असतो. पेशीत सायक्लिक एएमपी वाढले की प्रोटीन कायनेज-ए त्याच्या १३३ व्या सेरिनला फॉस्फेट जोडते आणि त्यानंतर त्याला सीबीपी या सहकाऱ्याला धरून ठेवता येते. ऑक्सिजनच्या कमतरतेला प्रतिसाद देणाऱ्या एचआयएफ-१-आल्फाची कळ त्याच्या आयुर्मानात आहे. पुरेसा ऑक्सिजन असताना त्याच्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट बसतो, व्हीएचएल हे प्रथिन ती खूण ओळखते आणि घटक काही मिनिटांतच नष्ट होतो. ऑक्सिजन घटला की तो साठू लागतो. या यंत्रणेच्या उलगड्यासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीच्या बाबतीत कॉर्टिसॉल हा संप्रेरक पेशीत शिरून थेट घटकालाच चिकटतो. ग्राही आणि प्रतिलेखन घटक येथे एकच प्रथिन आहे. नॉच मार्गात तर पृष्ठभागावरील ग्राहीचाच आतला तुकडा कापला जाऊन केंद्रकात जातो.

यातून मोजमापाचा नियम निघतो. एचआयएफ-१-आल्फासाठी पेशीतील एकूण प्रथिन वेस्टर्न ब्लॉटने (प्रतिपिंडाच्या मदतीने प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या पद्धतीने) मोजले, तर बरेचसे उत्तर मिळते. तेच मोजमाप एनएफ-कॅपा-बीसाठी केले, तर टीएनएफपूर्वी आणि टीएनएफनंतर जवळजवळ सारखीच पट्टी दिसेल आणि “काहीच घडले नाही” असा चुकीचा निष्कर्ष निघेल. तेथे केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे करून मोजावे किंवा प्रतिदीप्त प्रतिपिंडाने घटकाचे स्थान सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. क्रेबसाठी फॉस्फेट लागलेले रूपच ओळखणारे प्रतिपिंड लागते. आपल्या घटकाची कळ न ओळखता केलेले मोजमाप कितीही काटेकोर असले, तरी ते चुकीच्या गोष्टीचे मोजमाप असते.

पायरी ४: बसण्याची जागा शोधावी, पण तिच्यावर विसंबू नये

प्रत्येक घटकाला डीएनएचा एक लहान क्रम आवडतो. क्रेबचा आदर्श क्रम टी-जी-ए-सी-जी-टी-सी-ए असा आठ अक्षरांचा आहे; एनएफ-कॅपा-बीचा क्रम सुमारे दहा अक्षरांचा असून तो सहसा जी-जी-जी ने सुरू होतो आणि सी-सी ने संपतो, आणि मधली काही अक्षरे बदलली तरी चालतात. अशा क्रमांचे नमुने जॅस्पर या खुल्या माहितीसाठ्यात मिळतात. आपल्या जनुकाच्या आसपासचा क्रम घेऊन त्यात हा नमुना शोधणे हे काही मिनिटांचे काम आहे, आणि नेमकी याच ठिकाणी घाई होते.

एक साधा हिशोब करून पाहावा. चार अक्षरांपासून दहा अक्षरांचे १०,४८,५७६ वेगवेगळे क्रम तयार होतात. मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी बेस-जोड्या आहेत. म्हणजे दहा अक्षरांचा कोणताही एक ठरावीक क्रम केवळ योगायोगाने एका धाग्यावर सुमारे तीन हजार वेळा आणि दोन्ही धागे धरल्यास सुमारे सहा हजार वेळा आढळावा. मधली दोन-तीन अक्षरे बदलण्याची मुभा दिली की ही संख्या कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे एखाद्या जनुकाजवळ नमुना सापडला, एवढ्यावरून फक्त “येथे बसणे शक्य आहे” इतकेच म्हणता येते.

त्या शक्य जागांतून प्रत्यक्ष निवड क्रोमॅटिन करते. डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि एका रिळाभोवती, म्हणजे न्यूक्लिओसोमवर, सुमारे १४७ बेस-जोड्या असतात. गुंडाळलेल्या भागातील जागा बहुतेक घटकांना मिळत नाही. फॉक्स-ए सारखे काही मोजके अग्रगामी घटक मात्र बंद क्रोमॅटिनवरही बसू शकतात आणि इतरांसाठी वाट मोकळी करतात. पेशीचा प्रकार बदलला की घटकाची ठिकाणे बदलतात, ती मुख्यतः यामुळे. म्हणून नमुन्याच्या यादीवर त्याच पेशीप्रकारातील उघड्या क्रोमॅटिनचा नकाशा ठेवून पाहावा. त्यासाठी २०१३ पासून वापरात आलेली अटॅक-सीक ही पद्धत सोयीची आहे, आणि एन्कोड प्रकल्पाने अनेक पेशीप्रकारांचे असे नकाशे सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. घटक खरोखर कोठे बसला आहे हे पाहायचे असेल, तर चिप-सीक करावे लागते. त्यात प्रथिन डीएनएला रासायनिकरीत्या जखडून, प्रतिपिंडाने ओढून काढून, सोबत आलेला डीएनए वाचला जातो, आणि घटक बसलेली ठिकाणे आलेखात शिखरांसारखी उठून दिसतात. प्रतिपिंडाची खातरजमा करण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे घटकाचे जनुक काढून टाकलेल्या पेशींत तोच प्रयोग करणे. तेथेही शिखरे दिसली, तर ती त्या घटकाची नाहीत.

जागा शोधताना जनुकाच्या प्रारंभबिंदूलगतच्या प्रमोटरपुरते पाहणेही पुरेसे नसते. दूरवरून नियंत्रण करणारे एन्हान्सर हजारो बेस-जोड्या अंतरावर, कधी दुसऱ्याच जनुकाच्या पोटात, असू शकतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण संदेशवहनातूनच मिळते. गर्भातील हातापायांची बोटे घडवणाऱ्या सॉनिक हेजहॉग या संदेशरेणूच्या जनुकाचा एन्हान्सर त्या जनुकापासून सुमारे दहा लाख बेस-जोड्या दूर, एलएमबीआर१ नावाच्या वेगळ्याच जनुकाच्या एका इंट्रॉनमध्ये (आरएनए प्रतीतून पुढे कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) आहे. त्या तुकड्यातील एका अक्षराच्या बदलाने माणसात, उंदरात आणि मांजरात जास्तीची बोटे येऊ शकतात. संदेशरेणूच्या प्रथिनात काहीही बदललेले नसते. बदललेले असते ते प्रतिलेखन घटकांनी त्या तुकड्याला दिलेला प्रतिसाद.

पायरी ५: बसल्यानंतर काय होते ते तपासावे

घटक स्वतः जनुक वाचत नाही. तो सहकारी प्रथिने बोलावतो. त्यांपैकी पी३०० आणि सीबीपी हिस्टोनवर ॲसिटिल गट जोडतात, आणि मेडिएटर हे मोठे संकुल घटकाचा निरोप जनुक वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-२ या विकरापर्यंत पोहोचवते. संदेशाला तत्पर प्रतिसाद देणाऱ्या अनेक जनुकांवर पॉलिमरेज आधीच येऊन सुमारे ३० ते ६० बेस पुढे थबकलेले असते आणि घटकाच्या आगमनाने त्याला पुढे जाण्याची परवानगी मिळते. अशा जनुकांवर फक्त पॉलिमरेजची उपस्थिती मोजणे फसवे ठरते.

सहकारी बदलला की घटकाचे काम उलटे होऊ शकते, हेही येथे ध्यानात घ्यावे. विंट या संदेशरेणूचा संदेश नसताना टीसीएफ हा घटक ग्राउचो या प्रथिनासह आपल्या जागेवर बसून जनुक बंद ठेवतो. संदेश आल्यावर बीटा-कॅटेनिन साठते, केंद्रकात येते, आणि तोच घटक त्याच जागेवरून जनुक चालू करतो. त्यामुळे चिप-सीकमध्ये संदेशापूर्वी आणि संदेशानंतर शिखर सारखेच दिसले, तरी नियंत्रण बदललेले असू शकते.

पायरी ६: वेळेचा हिशोब ठेवावा

थेट परिणाम आणि परिणामाचा परिणाम यांतील भेद वेळेतून उमगतो. नवख्यांच्या आराखड्यांत मला सर्वाधिक आढळणारी त्रुटी म्हणजे संदेश दिल्यानंतर एकदम २४ तासांनी घेतलेले एकमेव मोजमाप. तोवर पहिल्या लाटेतील जनुकांनी घडवलेल्या घटकांनी दुसरी लाट आणि दुसरीने तिसरी उठवलेली असते, आणि पहिली लाट तर कधीच ओसरलेली असते. सी-फॉस या जनुकाचे वाचन वाढीचा संदेश मिळताच काही मिनिटांत सुरू होते, त्याचा संदेशक आरएनए सुमारे अर्ध्या तासात शिखर गाठतो आणि नंतर झपाट्याने उतरतो. २४ तासांनी पाहणाऱ्याला सी-फॉस जागे झाल्याचे कळणारही नाही.

म्हणून किमान ०, १५, ३०, ६०, १२० आणि २४० मिनिटांना नमुने घ्यावेत. क्यूपीसीआर (आरएनएचे प्रमाण मोजण्याची पद्धत) करताना प्रक्रिया पूर्ण झालेल्या संदेशक आरएनएबरोबरच इंट्रॉनमधील क्रम ओळखणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे लहान तुकडे, हेही वापरावेत. इंट्रॉन लवकरच कापून टाकला जात असल्याने त्याचे प्रमाण त्या क्षणी चाललेले प्रतिलेखन दाखवते, तर संदेशक आरएनएचे प्रमाण त्याच्या टिकाऊपणावरही अवलंबून असते. दाहाशी संबंधित अनेक संदेशरेणूंचे आरएनए मुळात अल्पायुषी असतात आणि संदेशानंतर त्यांचे आयुष्य वाढते, म्हणून हा फरक येथे विशेष महत्त्वाचा आहे. इंट्रॉन प्रायमर जनुकातील डीएनएलाही ओळखतात, तेव्हा उलट प्रतिलेखनाचे विकर न घातलेला नियंत्रण-नमुना सोबत अवश्य ठेवावा.

नवी प्रथिने न घडताही जनुक चालू होते का, हे पाहण्यासाठी सायक्लोहेक्झिमाइड वापरण्याची जुनी रीत आहे. प्रथिननिर्मिती थांबवूनही जनुक चालू झाले, तर ते पहिल्या लाटेतील, हा तर्क योग्य आहे. मात्र आपल्या जोडीच्या बाबतीत एक अडचण येते: प्रथिननिर्मिती थांबली की आय-कॅपा-बी-आल्फाही नव्याने घडत नाही, लगाम सुटतो आणि जनुके नेहमीपेक्षा जास्त वेळ व जास्त जोराने चालू राहतात. शिवाय टीएनएफ आणि सायक्लोहेक्झिमाइड एकत्र दिल्यास अनेक प्रकारच्या पेशी मरू लागतात. म्हणून वाढलेला आकडा पाहून हर्षभरित होण्याआधी तो कशामुळे वाढला, हे विचारावे.

पायरी ७: परतीचा बाण काढावा

आता पहिल्या पायरीवर केलेली नोंद पुढे घ्यावी. केंद्रकात शिरलेला एनएफ-कॅपा-बी ज्या जनुकांवर सर्वांत आधी बसतो, त्यांत आय-कॅपा-बी-आल्फाचे जनुक आहे. म्हणजे घटक सुटल्याबरोबर स्वतःला अडवणारे प्रथिन पुन्हा घडवू लागतो. हे नवे प्रथिन केंद्रकात शिरते, घटकाला डीएनएवरून उचलते आणि बाहेर नेते. बाहेर टीएनएफचा संदेश अजून चालू असेल, तर आयकेके ते प्रथिन पुन्हा नष्ट करते आणि घटक पुन्हा आत येतो. त्यामुळे सलग टीएनएफ दिलेल्या पेशींत एनएफ-कॅपा-बी सुमारे १०० मिनिटांच्या आवर्तनाने केंद्रकात ये-जा करताना दिसतो. याच वेळी तो ए२० या प्रथिनाचे जनुकही चालू करतो. ए२० हे आयकेकेच्या वरच्या बाजूला काम करून संदेशच मंदावते. एक लगाम घटकाजवळ आहे, दुसरा मार्गाच्या मुखाजवळ, आणि दोन्ही त्याच घटकाच्या आज्ञेने तयार होतात.

एकदा ही रचना ओळखता आली की ती जवळजवळ प्रत्येक मार्गात दिसू लागते, आणि मला या विषयातील सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो. इंटरफेरॉनने जागवलेला स्टॅट हा घटक सॉक्स कुळातील प्रथिने घडवतो आणि ती जॅक विकरांना रोखतात. टीजीएफ-बीटाने जागवलेला स्मॅड-३ हा घटक स्मॅड-७ घडवतो आणि ते ग्राहीलाच निष्क्रिय करते. बीटा-कॅटेनिन व टीसीएफ मिळून ॲक्सिन-२ घडवतात आणि ते बीटा-कॅटेनिनच्या नाशाला हातभार लावते. पी५३ हा घटक एमडीएम२ घडवतो आणि ते पी५३लाच प्रोटिओसोमकडे पाठवते. हेजहॉग मार्गातील ग्ली हा घटक पॅच्ड या ग्राहीचे जनुक चालू करतो. त्याने दोन कामे एकदम साधतात: जास्तीचा पॅच्ड त्या पेशीतील मार्ग दाबतो, आणि तो संदेशरेणूला धरून ठेवत असल्याने संदेश पलीकडच्या पेशींपर्यंत कमी पोहोचतो. एका पेशीतील जनुकनियंत्रण असे संपूर्ण ऊतीतील संदेशाची मर्यादा आखते.

व्यवहारात याचा अर्थ असा की अनोळखी मार्ग हाती आला, तर त्यातील रोधक प्रथिनांची यादी करून त्यांची जनुके त्याच मार्गाच्या घटकाकडून चालू होतात का, हे आधी पाहावे. ती बहुधा मार्गाची सर्वांत भरवशाची सूचक जनुके असतात; विंट संदेश चालू आहे का हे ॲक्सिन-२ वरून ओळखण्याची प्रथा याच कारणाने पडली आहे. मात्र सूचकाचा अर्थ लावताना सावध राहावे: ॲक्सिन-२ जास्त असणे म्हणजे मार्गाला रोध झाला असे नव्हे, मार्ग चालू आहे आणि त्याने स्वतःचा लगाम घडवायला घेतला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

उलट दिशेचे, म्हणजे संदेश बळकट करणारे, बाणही असतात. एनएफ-कॅपा-बी टीएनएफचे जनुकही चालू करतो, त्यामुळे एका पेशीचा संदेश शेजारणींपर्यंत जातो. एचआयएफ-१ हा व्हीईजीएफचे जनुक चालू करून ऑक्सिजनला आसुसलेल्या पेशींकडे नव्या रक्तवाहिन्या वाढवतो. तेथे परतीचा बाण पेशीच्या आत नसून रक्ताने आणलेल्या ऑक्सिजनच्या रूपाने बाहेरून येतो. आकृती काढताना प्रत्येक बाणाजवळ त्याला लागणारा अंदाजे वेळ लिहावा. फॉस्फेट जोडण्याला सेकंद ते मिनिटे, प्रथिन नष्ट होण्याला मिनिटे, नवे प्रथिन घडून काम सुरू होण्याला अर्धा ते एक तास वा अधिक. हा उशीर नसेल तर आवर्तन होत नाही. मार्ग मधल्याच कुठल्यातरी पातळीवर स्थिरावतो.

आवर्तने पाहायची असतील, तर एक-एक पेशी पाहावी लागते. लाखो पेशींचा रस एकत्र करून काढलेल्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये पहिले आवर्तन दिसते, पण पुढे पेशींचे ताल एकमेकांशी जुळेनासे होतात आणि सरासरीत फक्त सपाट रेषा उरते. डीएनएला इजा झाल्यावर पी५३च्या सरासरी पातळीत दिसणारी चढ-उतार ही प्रत्येक पेशीत जवळजवळ सारख्याच उंचीच्या सुट्या लाटांची बेरीज असते आणि इजा वाढली की लाटांची उंची नव्हे तर संख्या वाढते, हे एकेका पेशीच्या चित्रणातूनच २००४ मध्ये उघड झाले.

पायरी ८: कार्यकारणाचा पुरावा जमवावा

येथपर्यंत आपल्याकडे घटक जागा झाल्याचा, योग्य जागी बसल्याचा आणि जनुक वेळेत चालू झाल्याचा पुरावा असतो. हे सारे एकाच वेळी घडले एवढेच त्यातून ठरते. चिप-सीकमध्ये एका घटकाची हजारो शिखरे दिसतात आणि घटक काढून टाकल्यावर त्या मानाने थोड्याच जनुकांचे वाचन बदलते, हा अनुभव या क्षेत्रात नेहमीचा आहे.

पहिली कसोटी म्हणजे घटक काढून टाकणे. एसआयआरएनएने (संदेशक आरएनए नष्ट करवणाऱ्या लहान आरएनएने) प्रथिन कमी व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्या काळात पेशी बरीच जुळवाजुळव करून घेते. म्हणून शक्य असेल तेथे प्रथिनाला नाशाची खूण जोडून ते तासाभरात नाहीसे करणाऱ्या पद्धतींना प्राधान्य द्यावे. घटक काढूनही काहीच बदलले नाही, तर त्याच कुटुंबातील दुसऱ्या सदस्याने काम उचलले आहे का, हे तपासल्याशिवाय नकारार्थी निष्कर्ष लिहू नये.

दुसरी कसोटी जागेची. एन्हान्सरचा तुकडा प्रकाश निर्माण करणाऱ्या ल्युसिफरेज या विकराच्या जनुकापुढे जोडून, नमुन्यातील दोन-तीन अक्षरे बदलून प्रकाश कमी होतो का पाहणे, हा प्रयोग स्वस्त आणि झटपट आहे. पण हा तुकडा ज्यावरून पेशीत घातला जातो, त्या प्लाझ्मिड नावाच्या डीएनए वर्तुळावर नैसर्गिक क्रोमॅटिन नसते आणि एका पेशीत त्याच्या अनेक प्रती असतात, म्हणून त्याचा निकाल “हा तुकडा असे करू शकतो” इतकाच समजावा. “पेशीत तो असे करतो” हे म्हणायचे, तर गुणसूत्रावरील मूळ जागेतच बदल करावा लागतो, आणि क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रामुळे तो आता बऱ्याच प्रयोगशाळांच्या आवाक्यात आला आहे.

आपल्या जोडीसाठी ही कसोटी प्राण्यातही लावली गेली आहे. आय-कॅपा-बी-आल्फाचे जनुकच नसलेली उंदराची पिल्ले जन्मानंतर साधारण ७ ते १० दिवसांत मरतात. त्यावरून प्रथिन अत्यावश्यक आहे हे कळते, पण ते घटकाच्या आज्ञेने पुन्हा घडणे आवश्यक आहे का, हे कळत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात प्रथिनाचा क्रम जसाच्या तसा ठेवून, त्या जनुकाच्या प्रमोटरमधील एनएफ-कॅपा-बीच्या बसण्याच्या जागा तेवढ्या बदलल्या गेल्या. हे उंदीर जन्मानंतरच्या त्या पहिल्या दिवसांतून तगले. मात्र पुढे त्यांच्या लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींत माणसातील श्योग्रेन विकारासारखा दीर्घकालीन दाह निर्माण झाला आणि त्यांचे आयुष्य घटले.